'ऊन'-रूप : काळ की कर्ता?

'ऊन'-प्रत्ययान्त रूपास आपली शालेय व्याकरणे 'पूर्वकालवाचक' म्हणतात. झामेनहॉफ यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेतही क्रियाविशेषणात्मक धातुरूपांची विभागणी काळावरूनच केलेली आहे : वर्तमानास '-आन्ते', भूतास '-इन्ते', भविष्यास '-ओन्ते'. या रूपांचा कर्ता मुख्य क्रियापदाचाच असावा, ही अट तेथेही आहे. परंतु प्रत्ययांच्या कोष्टकात ती दिसत नाही.

मराठीचा व्यवहार निराळा आहे. मिरकरवाडा बंदरात सहज शोभतील अशी काही वाक्ये रचून पाहू. 'तांडेल हसून म्हणाला' येथे दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. मग पूर्वकाल कोठे राहिला? 'तांडेलाने होडी धक्क्याला लावून मासळी उतरवली' येथे क्रम आहे. दोहोंत समान आहे तो एकच कर्ता. कर्ता बदलला की रूपही बदलते : 'होडी धक्क्याला लागल्यावर बायकांनी मासळी निवडली.' येथे 'लागून' चालणार नाही. तथापि 'वारा सुटून होडी भरकटली' हे वाक्य शुद्धच आहे. कर्ते दोन असले, तरी पहिली क्रिया दुसरीचे कारण आहे आणि तिच्यामागे कोणाचाही संकल्प नाही.

तात्पर्य, 'पूर्वकालवाचक' ही संज्ञा अपुरी आहे. नवी भाषा रचणाऱ्याने कोष्टक आखताना 'केव्हा?' याच्या आधी 'कोणी?' हा प्रश्न विचारावा. मराठी व्याकरणाच्या अध्यापकासही तो टाळता येणार नाही.