उपकरणांची जागृती व तिचे अपयश : लिनक्समधील एका संकेताची चिकित्सा

संगणकाची उपकरणे निजवून वीज वाचविणे हे कार्यप्रणालीचे मान्य कर्तव्य होय. ती पुन्हा जागी न झाल्यास काय करावे, हा प्रश्न मात्र बहुधा दुय्यम मानला जातो. लिनक्सच्या कर्नलमधील व्यवस्था या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

संपूर्ण यंत्र निजत असताना एखाद्या ड्रायव्हरने नकार दिला, तर ती क्रिया थांबते व आधी निजलेली उपकरणे पुन्हा उठविली जातात. जागृतीच्या वेळी असा माघारीचा मार्ग नाही. ड्रायव्हरने दोष कळविला तरी कर्नल त्याची केवळ नोंद करून पुढील उपकरणाकडे वळतो. हे धोरण सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. एका साऊंड कार्डासाठी अवघे यंत्र अडवून धरणे अविचाराचेच ठरेल. परंतु त्यामुळे दोष सावरण्याचा भार ड्रायव्हरवर पडतो, आणि तो भार वाहण्यास दिलेली साधने निर्दोष नव्हती.

यंत्र चालू असताना एकेक उपकरण निजविण्याची चौकट २००९ साली २.६.३२ या आवृत्तीत आली. तीत प्रत्येक उपकरणाच्या वापराची गणना ठेवली जाते व ती शून्यावर आल्यावाचून उपकरण निजत नाही. ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे फंक्शन ही गणना एकाने वाढवून उपकरणास उठविते. जागृती फसल्यास ते दोष कळविते, पण वाढविलेली गणना तशीच ठेवते. मागणी फसली म्हणजे देणेही उरले नाही, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अनेक ड्रायव्हर गणना न उतरविताच परत फिरत, आणि उपकरण पुढे सावरले तरी निजत नसे. बॅटरी व्यर्थ खर्ची पडे. जेथे दोषाची विचारपूसच होत नसे, तेथे वीज वा क्लॉक नसलेल्या उपकरणाची रजिस्टरे वाचण्याचा प्रयत्न होई, व काही यंत्रे त्याने ठप्प होत.

२०२० सालच्या ५.१० या आवृत्तीत आलेले ‘पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट’ अपयशानंतर गणना स्वतःच उतरविते. एकच चूक इतक्या ड्रायव्हरांत आढळावी, यावरून दोष लेखकांच्या निष्काळजीपणापेक्षा मूळ संकेतातच अधिक होता, असे म्हणणे प्राप्त आहे. तथापि नवे फंक्शन केवळ हिशेब जुळविते. स्वतः चालू केलेली वीज व क्लॉक बंद करणे, आणि उपकरण निकामी असल्याचे वरच्या थरास कळविणे, ही कामे ड्रायव्हरकडेच राहतात. त्यांची उपेक्षा झाल्यास वापरणाऱ्याच्या हाती मृत उपकरण जिवंत म्हणून दिले जाते.