मॉन्मथशायरची सीमा आणि ‘बॉर्डर कंट्री’

रेमंड विल्यम्स यांच्या ‘बॉर्डर कंट्री’ (१९६०) या कादंबरीकडे बहुधा पिता-पुत्रसंबंधांची, अथवा श्रमिक कुटुंबातून विद्यापीठात गेलेल्या तरुणाची कथा म्हणून पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नव्हे. परंतु मॉन्मथशायर या काउंटीचा इतिहास व भूगोल दृष्टीआड केल्यास ते अपुरे ठरते.

वेल्सच्या आग्नेय टोकाची ही काउंटी आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३५ च्या कायद्याने, सीमेवरील सरंजामी जहागिरी मोडून निर्माण करण्यात आली. १५४२ च्या कायद्याने वेल्ससाठी जी स्वतंत्र न्यायव्यवस्था लावली, तीतून मात्र ती वगळली गेली. परिणामी ‘वेल्स व मॉन्मथशायर’ असा संदिग्ध प्रयोग सरकारी कागदपत्रांत रूढ झाला. १९७२ च्या कायद्याने ही संदिग्धता मिटली. पण १९७४ साली काउंटीच विसर्जित होऊन तिच्या बहुतांश प्रदेशाचे ग्वेंट झाले. १९९६ मध्ये जुने नाव परतले, ते मुख्यत्वे पूर्वेकडील कृषिप्रधान भागापुरतेच.

कायद्याने चर्चिलेली ही सीमा इंग्लंड व वेल्स यांमधील होय. विल्यम्स यांचे लक्ष वेधते ती निराळीच. पूर्वेस अस्क व वाय नद्यांकाठची शेती आणि पश्चिमेस एब व्हेल, ट्रेडेगार यांसारख्या गावांची कोळसाखोरी, अशी ही काउंटी आतूनच दुभंगलेली होती. कादंबरीतील ग्लिनमॉर हे शेतकऱ्यांचे खेडे. पण लोहमार्ग त्यातून जातो आणि नायकाचा पिता हॅरी प्राइस सिग्नलमन आहे. १९२६ च्या सार्वत्रिक संपात खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी येथील सिग्नलमन काम थांबवितात, तेव्हा डोंगरापलीकडील लढा या खेड्याचाही होतो. नकाशा जे विभागतो, ते श्रमाचे नाते जोडते, हे येथे उपदेशाविना सिद्ध होते.

मॅथ्यूच्या संशोधनाचा विषयही याच दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. वेल्सच्या खाणखोऱ्यांकडे एकोणिसाव्या शतकात झालेल्या लोकसंख्येच्या स्थलांतराचा तो अभ्यास करीत आहे. परंतु आकड्यांतून माणसे त्याच्या हाती लागत नाहीत. लंडनमध्ये तो मॅथ्यू, गावी मात्र विल. सीमा अशी त्याच्या नावातच शिरली आहे.

तथापि एक उणीव नोंदविणे अगत्याचे आहे. ज्या खोऱ्यांमुळे संपाला नैतिक वजन येते, ती वाचकास प्रायः दुरूनच दिसतात. खाणकामगाराचे घर हॅरीच्या घराइतके सजीव होत नाही. काउंटीच्या दोन अर्धांतील नाते कादंबरी ठामपणे मांडते, पण पाहते ते एकाच बाजूने. ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणावे लागते, की मॉन्मथशायर कोणाचे, हा कायद्याचा प्रश्न मागे सारून तेथील माणसे परस्परांची कोण, हा अधिक मूलभूत प्रश्न या कृतीने विचारला. काउंटी नकाशावरून गेल्यानंतरही तो उरला आहे.