लळा आणि भाषा : ‘गंगेची कन्या’ या आत्मकथनाच्या निमित्ताने

दत्तकाचा विषय मराठी माणसाला नवा नाही. सातारा आणि झाशी ही राज्ये दत्तकाच्या प्रश्नावरूनच गेली. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला बारा वर्षांचा गोपाळ बडोद्यास दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला, ही हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु या सर्व कथांत मूल हे वंशाच्या गरजेला दिलेले उत्तर असते. त्या मुलाला नव्या आईचा लळा कसा लागला, किंवा लागला की नाही, हे बखरकार विचारीत नाही आणि कायदेपंडितही विचारीत नाही. हा प्रश्न विचारणारे पुस्तक आले ते मराठीतून नव्हे, कातालान भाषेतून. आणि ते लिहिणारी स्त्री मात्र नाशिक जिल्ह्यातच जन्मलेली आहे.

आशा मिरो हिचा जन्म १९६७ चा. आई गेली, आणि मूल नाशिकच्या ननांच्या आश्रमात व तेथून मुंबईच्या अनाथाश्रमात आले. १९७४ मध्ये, सातवे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ती बार्सेलोनाच्या एका दांपत्याची मुलगी झाली. १९९५ मध्ये ती प्रथम भारतात परत आली. त्या प्रवासाचे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मूळ शीर्षकाचा अर्थ ‘गंगेची कन्या’. २००३ मध्ये ती पुन्हा आली, तेव्हा तिला तिची सख्खी बहीण भेटली. त्या भेटीवरील दुसरे पुस्तक २००४ चे. २००६ च्या इंग्रजी आवृत्तीत दोन्ही भाग एकत्र वाचावयास मिळतात, आणि प्रस्तुत विवेचन त्या आवृत्तीच्या आधारे केले आहे.

हे पुस्तक मी दुसऱ्यांदा हाती घेतले ते एका घरगुती प्रसंगाने. आमच्या नात्यातले, परदेशी स्थायिक झालेले एक दांपत्य महाराष्ट्रातील एका संस्थेतून मुलगी दत्तक घेण्यास आले होते. आदेश झाला होता, पारपत्र यावयाचे होते. त्या अवधीत ते मुलीला घेऊन चार दिवस बार्शीटाकळीस आमच्या जुन्या घरी राहिले. मुलगा वऱ्हाडातला, सून अमराठी. मुलगी तीन-साडेतीन वर्षांची, आणि बोलणारी. सुनेने खेळणी मांडावीत आणि मुलीने उठून माझ्या मोठ्या आईच्या मांडीवर जाऊन बसावे, असे दोन दिवस चालले. (वऱ्हाडात वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी ही ‘मोठी आई’, एका मुलाला दोन आया असू शकतात ही गोष्ट आमच्या नातेशब्दांना मुळातच मान्य आहे.) सून रडकुंडीला आली, तेव्हा मोठी आई मला म्हणाली, “माया लावा लागते बापू, तवाच थे लागते. घाई करून कोनाले लागली हाये?”

या वाक्याकडे मी भाषाभ्यासक म्हणून पाहू लागलो, आणि आशा मिरोचे पुस्तक मला निराळे दिसू लागले. आपली दत्तकाची परिभाषा तपासून पाहावी. ‘दत्तक’ म्हणजे दिलेला. दत्तक देणे, दत्तक घेणे, ओटीत घालणे, मांडीवर बसविणे: हे सारे सकर्मक प्रयोग आहेत. त्यांत कर्ता मोठे माणूस आणि कर्म मूल. देण्याघेण्याची ही क्रिया एका दिवसात, एका सहीने पुरी होते. उलट लळा, जीव, माया यांच्यासाठी मराठीने ‘लागणे’ हे क्रियापद योजिले आहे. ‘मुलीला आईचा लळा लागला’ या वाक्यात मुलगी कर्ती नाही, आईही नाही. लळा हाच कर्ता आहे आणि मुलगी चतुर्थीत उभी आहे. भूक लागते, झोप लागते, तसा लळा लागतो. तो घेता येत नाही. संत्र्याचे बागाईतदार जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधतात आणि काही दिवसांनी ‘लागला का?’ म्हणून पाहतात, तेही हेच क्रियापद. माणसाच्या हाती फक्त ‘लावणे’ आहे. मोठ्या आईने एका वाक्यात दोन वेळा ‘लागते’ म्हटले. पहिले कर्तव्याचे, दुसरे घडून येण्याचे. आणि या दोहोंमधील अंतर हाच दत्तकाचा खरा काळ होय.

या काळाची नोंद हे आशा मिरोच्या पुस्तकाचे बलस्थान आहे. लेखिकेच्या कथनात मधूनमधून तिच्या दत्तक आईच्या रोजनिशीतील उतारे येतात. मोठेपणीची स्मृती आणि त्या वेळची रोजनिशी असे दोन आवाज शेजारी ठेवल्याने ‘लावणे’ एका बाजूस आणि ‘लागणे’ दुसऱ्या बाजूस दिसते. असे दुहेरी दर्शन आपल्या आत्मचरित्रांत विरळा. लेखिकेचे हे संयोजन कौशल्याचे आहेच, पण त्याहून अधिक ते प्रामाणिक आहे.

शीर्षकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. नाशिकची कन्या गंगेची कशी, असा आक्षेप नकाशा पाहणारा टीकाकार घेईल. तो चुकीचा ठरेल. कारण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि ‘गंगेवर जाणे’ हा तेथील नित्याचा प्रयोग आहे. शीर्षकातला शब्द अशा रीतीने अस्सल मराठी निघतो. मात्र बार्सेलोनाच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे तो काशीचे घाट आणतो. शब्द घरचा, अर्थ बाहेरचा. हा पेच साऱ्या पुस्तकात आहे, आणि लेखिकेला तो पुरता जाणवला आहे असे मला वाटत नाही.

बहिणीच्या भेटीचा भाग घ्यावा. बहिणीचेही नाव आशाच. एका घरात दोन बहिणींना एकच नाव कोणी ठेवीत नाही. नाव हे वेगळे ओळखण्यासाठी असते. म्हणजे कोठेतरी वाटेत एक नाव हरवले आहे. या दोन आशा समोरासमोर येतात आणि त्यांना दुभाष्या लागतो. एकीला मराठीखेरीज दुसरी भाषा नाही आणि दुसरीजवळ मराठी उरलेली नाही. पुस्तकातील हा सर्वांत तीव्र क्षण. परंतु लेखिका येथे भाषेकडून चटकन दैवाकडे वळते. आपण तिकडे गेलो, ती इकडे राहिली, हा विचार स्वाभाविक असला तरी त्यात बहीण ही एक स्वतंत्र व्यक्ती न राहता लेखिकेच्या न जगलेल्या आयुष्याची प्रतिमा होते. तिचे म्हणणे आपल्यापर्यंत दुभाष्याच्या, मग कातालानच्या, मग इंग्रजीच्या गाळण्यांतून येते. ती नेमके काय म्हणाली असेल, हे मराठी वाचकाला राहून राहून वाटते. मूळ मराठी वाक्ये, चारच का होईनात, पुस्तकात असावयास हवी होती.

भाषेचा हा लोप अटळ होता काय? १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी जे दंडक घातले, त्यांत मूल शक्यतो तीन वर्षांचे होण्यापूर्वी द्यावे, म्हणजे ते नव्या वातावरणात सहज मिसळेल, असा विचार होता. मुलांच्या हिताची कळकळ त्या निर्णयात ओतप्रोत आहे. तथापि मुलाची पहिली भाषा ही त्या विचारसरणीत एक अडसर ठरते. शास्त्राचे म्हणणे एकसुरी नाही. पालिए व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची प्रौढपणी मेंदूपरीक्षा केली, तेव्हा कोरियनचा मागमूस आढळला नाही. पण २०११ मध्ये लेहर सिंग व सहकाऱ्यांनी भारतातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांना त-वर्ग आणि ट-वर्ग यांतील भेद ऐकविला. आरंभी तो त्यांना इतर अमेरिकी मुलांइतकाच ऐकू येईना. थोड्याशा सरावानंतर मात्र तो त्यांना उमगू लागला आणि इतरांना उमगला नाही. २०१४ मध्ये माँट्रियलच्या फ्रेंच भाषिक घरांत वाढलेल्या चिनी मुलींवर झालेल्या प्रयोगातही, चिनीचा एक शब्द न येता, चिनी सुरांना त्यांचा मेंदू चिनी भाषकांसारखाच प्रतिसाद देत होता. मुळे तुटतात, परंतु सर्वच सुकत नाहीत.

आज परदेशी दत्तक पालकांना मूल नेण्यासाठी स्वतः भारतात यावे लागते, आणि पुढील दोन वर्षे मुलाच्या प्रगतीचे अहवाल पाठवावे लागतात. १९७४ च्या मानाने ही मोठीच सुधारणा. त्या अहवालांत वजन, उंची, शाळा यांच्या जोडीला मुलाच्या पहिल्या भाषेसाठीही एक रकाना असावा, असे मी या पुस्तकाच्या आधारे सुचवीन.

बार्शीटाकळीच्या त्या सुनेने मला विचारले होते की, मुलीशी इंग्रजीत बोलू की मोडक्या मराठीत? इंग्रजी लवकर आली तर मुलगी लवकर आपली होईल, असे तिला वाटत होते. मी तिला आशा मिरोच्या आईची रोजनिशी वाचावयास दिली, आणि एक कोरी वही दिली. मुलगी जे बोलेल ते तिने उच्चारले तसेच लिहावे, अर्थ मागाहून विचारावा, एवढेच सांगितले. सुनेला हिंदीमुळे देवनागरी येत होती. निघण्याच्या दिवशी तिने ती वही मला दाखविली. पहिल्या पानावर, वाकड्या अक्षरांत, एकच ओळ होती : “मले नाई पायजे.” खाली दुसऱ्या दिवशीची तारीख, आणि तीच ओळ, फक्त ‘नाई’ हा शब्द खोडलेला.