लठ्ठ आणि मठ्ठ

मराठीत 'लठ्ठ' आणि 'मठ्ठ' ह्या दोन शब्दांचे यमक जुळते, हा निव्वळ भाषेचा योगायोग होय. परंतु वर्गात उभा राहणारा शिक्षक पुष्कळदा ह्या यमकासच प्रमाण मानतो. हा दोष केवळ आपल्याकडचाच नव्हे. ज्या इंग्रजी शालेय कथांवर आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतील मुलांचे पोषण झाले, त्यांत तो कसा मुरलेला आहे, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्या कथांतील सर्वांत प्रसिद्ध लठ्ठ मुलगा म्हणजे ग्रेफ्रायर्स शाळेचा बिली बंटर. चार्ल्स हॅमिल्टन ह्या लेखकाने फ्रँक रिचर्ड्स हे नाव धारण करून १९०८ साली निघालेल्या 'मॅग्नेट' साप्ताहिकात त्यास जन्म दिला. १९४० साली ते साप्ताहिक बंद पडेपर्यंत बंटरच्या तंग विजारीवर वेताचे फटके पडतच राहिले. भानिपूरचा नबाब हरी जमसेत रामसिंग हा हिंदी विद्यार्थी त्याच वर्गात असल्याने आपल्याकडील वाचकांस ती शाळा अगदीच परकी वाटत नसे. आम्हीही ती पुस्तके हसून हसून वाचली आहेत, आणि बंटर हे जिवंत पात्र आहे हे आजही मान्य करतो. १९४० साली 'होरायझन' मासिकात ह्या साप्ताहिकांतील वर्गाभिमानावर टीकेची झोड उठविणाऱ्या जॉर्ज ऑर्वेलनेही बंटरला मात्र मनमोकळी दाद दिली होती.

तथापि ह्या पात्राची घडण नीट न्याहाळावी. बंटर लठ्ठ आहे. शिवाय तो खादाड, आळशी, खोटारडा, भित्रा आणि अभ्यासात ढ आहे. हे सर्व अवगुण त्याच्या देहातूनच निपजले असावेत, अशा बेताने ते एकत्र बांधले आहेत. त्याचे वर्गशिक्षक क्वेल्च हे कडक पण न्यायी गृहस्थ म्हणून रंगविले आहेत. आणि खरी मेख येथेच आहे. न्यायी मास्तराने बंटरवर संशय घ्यावा आणि तो बहुधा खरा ठरावा, अशी योजना लेखकानेच करून ठेविली आहे. ज्या जगात पूर्वग्रह नेहमी खराच ठरतो, त्या जगात त्यास पूर्वग्रह म्हणणार तरी कोण?

ह्या चित्रास खरा छेद दिला तो विल्यम गोल्डिंगने. सॉल्झबरी येथील एका शाळेत हा लेखक स्वतः मास्तर होता. त्याच्या १९५४ सालच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ह्या कादंबरीतील पिगी लठ्ठ आहे, दमेकरी आहे आणि चष्मेवालाही आहे. परंतु निर्जन बेटावर सापडलेल्या त्या पोरांत विचारी डोके बहुतांशी त्याचेच. बेटावर मास्तर नाही, तरीही शाळेत शिकलेली टर तेथे अगोदरच येऊन पोचली आहे. मुले त्याचा चष्मा वापरतात, त्याचा सल्ला मात्र हसण्यावारी नेतात. त्याचे खरे नाव वाचकास अखेरपर्यंत कळत नाही! शेवटी तो मारला गेल्यावरच त्याच्या मित्रास त्याची किंमत कळते.

रोआल्ड डाल ह्याची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. १९६४ सालच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'त त्याने ऑगस्टस ग्लूप ह्या खादाड मुलास चॉकलेटच्या नदीत पाडून नळातून खेचविले, आणि त्याच्या फजितीवर गाणे म्हणविले. त्याच लेखकाने १९८८ साली 'मटिल्डा'त निराळाच प्रसंग रचला. तेथे मुख्याध्यापिका ट्रंचबुल ही ब्रूस बॉगट्रॉटर ह्या मुलास साऱ्या शाळेसमोर भलामोठा केक खावयास लावते. पण तो अख्खा केक संपवितो, मुले जयघोष करतात आणि फजिती होते ती बाईंची. येथे शिक्षकाच्या क्रौर्यास क्रौर्य म्हटले आहे. पहिल्या पुस्तकात त्यासच न्याय म्हटले होते. २०२३ साली प्रकाशकांनी ग्लूपच्या वर्णनातील 'लठ्ठ' हा शब्द काढून 'प्रचंड' असा शब्द घातला, तेव्हा मोठा गदारोळ उठला. आमच्या मते तो सारा खटाटोप व्यर्थ होय. दोष विशेषणात नसून कथानकात आहे. शब्द बदलला तरी मुलगा नदीत पडावयाचा तो पडतोच.

कोणी म्हणेल, विनोद तो विनोद. त्याचे इतके ओझे कशास? त्यास उत्तर असे की हे ओझे मुलांच्या गुणपत्रकावर पडते. १९६१ साली अमेरिकेत रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांस सहा चित्रे दाखवून आवडीचा क्रम लावावयास सांगितले, तेव्हा कुबड्या घेतलेल्या व चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मुलांच्याही खाली लठ्ठ मुलाची जागा लागली. लॅट्नर व स्टंकर्ड ह्यांनी २००३ साली तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ही नावड वाढलेलीच आढळली. २०१३ साली मॅकॅन व रॉबर्ट्स ह्यांनी दाखविले की, समान मोजपट्टीच्या परीक्षांत लठ्ठ मुले इतरांच्या बरोबरीने उतरतात. शाळेतून मिळणारे गुण मात्र त्यांस कमी पडतात.

आम्हांस हे वाचून आश्चर्य वाटले नाही, लाज वाटली. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक स्थूल विद्यार्थी उत्तर देण्यास उठताना बाकात अडकला. 'सावकाश, बाक सरकारी आहे,' असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला, तोही हसला. पण त्यानंतर वर्षभर तो उत्तर देण्यास उठला नाही. वार्षिक परीक्षेत त्याचा पेपर उत्तम आला, तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो हा की, ह्याने शेजाऱ्याचे पाहिले तर नसेल? आमच्यातला क्वेल्च तो हाच. फरक इतकाच की, येथे संशय खरा ठरविण्यास कोणी लेखक बसला नव्हता.

ज्या समाजाने विद्येच्या दैवतास लंबोदर कल्पिले आणि त्याच्याच नावाने मुलांस धुळाक्षरे गिरवावयास लाविली, त्यास ह्याहून अधिक उपदेशाची गरज नसावी. मुलाचे वजन हा वैद्याचा विषय आहे. शिक्षकाने तपासावयाची ती उत्तरपत्रिका.