किती बाळांपैकी?

जुलै २०२० मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातील एका नवजात बाळाची बातमी वृत्तपत्रांत झळकली. आईच्या पोटातच कोरोनाची लागण झालेले हे देशातील पहिले नोंदलेले बाळ. तपासणी पक्की होती. विषाणू बाळाच्या नाकात, नाळेत आणि वारेतही सापडला होता. उपचारांनंतर बाळ बरे झाले.

खटकते ती बातमी सांगण्याची रीत. एका बाळावरून ‘असे घडू शकते’ एवढेच कळते. किती वेळा घडते हे सांगायला अपूर्णांकाचा छेद लागतो, आणि बऱ्याच बातम्यांत तोच नव्हता. पुढे जगभरची आकडेवारी एकत्र केली तेव्हा बाधित मातांच्या शंभर बाळांपैकी जेमतेम दोघांना लागण आढळली, त्यातही काहींना जन्मानंतर. मोठा धोका निराळाच होता: आईचा आजार बळावणे आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण. चोपडा-शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्या शिक्षकांना अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणजे काय, हे सांगायला नको. बाधित आईने मुखपट्टी लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती. बातमीत ही एक ओळ असती, तर जळगाव-धुळ्याच्या बाळंतिणीला ती मथळ्याहून अधिक उपयोगी पडली असती.