एकशे ऐंशी कोटींचा विसरलेला प्रश्न

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला ते संसदेत निवेदन करणार होते. परंतु निवेदनाची प्रत आगाऊ सादर करावी, ही अट अमान्य करून ते सभागृहाबाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या स्वाधीन केले. परळ, नायगाव, लालबाग येथे जयंतीच्या व ६ डिसेंबरच्या निमित्ताने जी व्याख्याने होतात, त्यांत या राजीनाम्याचे बहुधा एकच कारण सांगितले जाते : हिंदू कोड बिल. ते कारण खरेच आहे. तथापि त्याच निवेदनातील दुसरा एक मुद्दा आमच्या व्यासपीठांवरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. आणि हा विसर निरुपद्रवी नाही, असे आम्हांस वाटते.

तो मुद्दा हिशेबाचा आहे. केंद्राचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी रुपये आणि त्यांपैकी सुमारे १८० कोटी एकट्या सैन्यावर खर्ची पडतात, हे बाबासाहेबांनी निदर्शनास आणले. म्हणजे निम्म्याहून अधिक! या खर्चाचे मूळ त्यांनी आपल्याच परराष्ट्र धोरणात शोधले. ज्या राष्ट्राला मित्र नाहीत त्याला संरक्षणाचा सारा भार एकट्याने वाहावा लागतो आणि काश्मीरचा तंटा न मिटल्याने तो भार हलका होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. काश्मीरविषयी त्यांनी सुचविलेला तोडगा सर्वांस पटेल असे नाही. परंतु त्यांची विचारपद्धती पाहावी. कारण दूर केल्यावाचून कार्य थांबत नाही, हा बुद्धाचा विचार त्यांनी राष्ट्राच्या जमाखर्चास लावला होता.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने मूळ इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आहे. शाक्य संघापुढे सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचविले. बहुमताने ही सूचना फेटाळली. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी या प्रसंगात दाखविले, ही गोष्ट राजीनाम्याच्या संदर्भात मननीय आहे.

यावर आक्षेप येईल की, बाबासाहेब शस्त्रसंन्यासी नव्हते. हे आम्हांस मान्य आहे. त्यांचे वडील सुभेदार होते. महारांची बंद झालेली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी बाबासाहेब झगडले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आमच्या कित्येक घरांत पहिले अक्षर लष्कराच्या पगारावर आले. तेव्हा सैन्य नको, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे आणि त्याहूनही अधिक, प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचा आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. एकूण खर्चाशी हे प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडते; त्यातही सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. १९५१ ची स्थिती आज नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाच्या वाट्यास सुमारे १ लाख २९ हजार कोटी आले. शिक्षणाचा बराचसा भार राज्ये उचलतात, हे ध्यानी घेऊनही ही तफावत चर्चेस योग्य नाही काय? जेथे प्रश्न विचारणे हाच देशद्रोह ठरतो, तेथे हिशेब धूसर होतो. जर्मन पाणबुड्यांच्या १९८१ च्या करारात दलालीचे आरोप झाले, तेव्हा चौकशीचा आदेश देणारे संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह हेच १९८७ मध्ये मंत्रिमंडळाबाहेर पडले, हे विसरता येत नाही.

त्या करारातील दोन पाणबुड्या आमच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर ज्या घरांतील गिरणीची नोकरी गेली, त्या घरांना गोदीतील कायम नोकरीचे मोल सांगावे लागत नाही. अंगुत्तर निकायात उपासकाला वर्ज्य अशा पाच व्यापारांत 'सत्थवणिज्जा', म्हणजे शस्त्रांचा व्यापार, प्रथम सांगितला आहे. मग गोदीतील उपासक दोषी काय? आमच्या मते नाही. वेतनावर राबणारा कामगार व्यापारी नव्हे. काय बांधावे आणि कोणाला विकावे, हे तो ठरवीत नाही. ते शासन ठरविते. २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांची संरक्षण निर्यात झाल्याचे शासनाने अभिमानाने जाहीर केले. ती शस्त्रे कोणत्या रोहिणीच्या काठी वापरली जाणार, हे त्या आकड्यात दिसत नाही. धम्मचक्र ध्वजावर आणि अशोकाचे सिंह मुद्रेवर मिरविणाऱ्या शासनाला हा प्रश्न विचारणे, हे आमचे कर्तव्य आहे.

येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरातून बाबासाहेबांच्या भाषणांचे संग्रह हजारो घरांत जातील. राजीनाम्याचे निवेदन त्या दिवशी आपण संपूर्ण वाचावे. व्याख्यात्यांनी हिंदू कोड बिलाबरोबर एकशे ऐंशी कोटींविषयीही बोलावे. अर्धे निवेदन लक्षात ठेवणाऱ्या समाजाला उरलेले अर्धे कोणी आठवून देणार नाही. ज्यांची त्या खर्चाने सोय होते, ते तर नाहीच नाही.