कुंपणाच्या रोपातला वृक्ष

फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर ‘बोन्साय नमस्ते’ हे प्रदर्शन भरलं. प्राजक्ता काळे यांनी तिथे मांडलेल्या ३,३३३ बोन्सायची नोंद गिनेस बुकात झाली. असं काही पाहिलं की आपणही एखादं झाड करावं, असं वाटतंच. पाठोपाठ प्रश्न येतो, की इतकं जुनं झाड आणायचं कुठून? माझं उत्तर आहे, सोलापूर रस्त्यावरून. हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंतच्या नर्सऱ्यांत कामिनी, फायकस, बोगनवेल, जेड काळ्या पिशव्यांत रांगेनं उभी असतात. बोन्सायमधलं सौंदर्य कळायला अशा साध्या रोपातून घडलेलं झाडच उत्तम, कारण त्यात काय ठेवलं आणि काय काढलं याचा माग लागतो. असंच एक झाड सध्या माझ्या गॅलरीत आहे, कामिनीचं. ते सावकाश वाचण्यासारखं आहे.

कामिनी म्हणजे आपली कुंती. सोसायटीच्या फाटकाशी कात्रीनं चौकोनी केलेली ती सगळ्यांनी पाहिलेली असते. हे रोपही कुंपणासाठीच वाढवलेलं, कमरेएवढं उंच आणि एका अंगाला कललेलं. कुंपणाला ते नालायकच होतं. आता त्याची उंची जेमतेम हातभर आहे.

वाचायला सुरुवात करावी ती तळापासून. नर्सरीत रोप लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत जातं, तेव्हा बुंध्याचा बोट-दोन बोटं भाग मातीखाली जातो. म्हणून पिशवीतली सगळी रोपं जमिनीत काठी रोवल्यासारखी दिसतात. मालकाला विचारून वरची माती बोटांनी अलगद बाजूला करावी. या कामिनीची माती सारली तेव्हा खाली बुंधा एकदम रुंद झालेला होता आणि तीन जाड मुळं तीन दिशांना गेली होती. झाडानं जमीन धरून ठेवली आहे, हा भाव त्या मुळांतून येतो. जपानी कलाकार या भागाला ‘नेबारी’ म्हणतात आणि झाडाची परीक्षा तिथूनच सुरू करतात. उंची कापता येते, फांद्या नव्यानं आणता येतात. पण असा तळ तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणून तो विकत घेतानाच पाहून घ्यायचा.

नजर वर सरकली की खोडाचं वळण लागतं. पाच-सहा बोटांवर खोड एकाएकी बारीक होतं आणि डावीकडे झुकतं. मूळ शेंडा तिथे कापला आणि शेजारच्या फांदीला शेंड्याची जागा दिली. ती पुरेशी जाड झाल्यावर पुन्हा वरून कापली, तेव्हा पुढची फांदी उजवीकडे निघाली. प्रत्येक कापाला खोड निमुळतं होत गेलं आणि दिशा बदलत गेलं. मोठ्या वृक्षाचं खोड असंच असतं, खाली भरदार आणि वर जाता जाता बारीक होत जाणारं. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या लिंगनान शैलीचा भर याच कापा-आणि-वाढवा रीतीवर आहे आणि तिथल्या आवडत्या झाडांत कामिनीही आहे. याला कारण आहे. कामिनीचं लाकूड कठीण, जून फांदी तारेनं वाकवायला गेलं की कडकन मोडते. तार कोवळ्या फांदीलाच घालावी आणि सालीत रुतण्याआधी काढावी. बाकीचं काम कात्रीचं.

फांद्यांची रचना नीट पाहिली तर तिच्यातला विचार कळतो. सर्वांत खालची फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर, वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे. दुसरी तिच्या विरुद्ध दिशेला, थोडी वर. तिसरी मागच्या बाजूला गेली आहे. समोरून ती पुरती दिसत नाही, पण तिच्यामुळेच झाडाला खोली येते. समोरून खोड बऱ्याच उंचीपर्यंत उघडं ठेवलं आहे. या फांद्यांमध्ये ज्या मोकळ्या जागा आहेत, त्या मला सर्वांत आवडतात. नर्सरीतून आलं तेव्हा हे रोप पानांनी गच्च होतं आणि त्यात काहीच दिसत नव्हतं. आता पानांच्या थरांमधून उजेड आरपार येतो आणि त्या उजेडानं हातभर झाड उंच वाटू लागतं.

त्याचा माथा गोल आणि पसरट आहे. पु. ल. देशपांडे उद्यानात, ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेल्या त्या बागेत, जपानी शिस्त डोळे भरून पाहावी आणि शिकावी. पण आकार मनात ठरवताना बांधावरची चिंच, वेताळ टेकडीवरची खुरटी झाडं आणि रस्त्याकडेचे वड आठवावेत. या कामिनीत मला चिंचेचा डौल दिसतो. म्हणूनच ती उसनी वाटत नाही.

‘झाडाला खुरटवणं हा छळच,’ असं अनेकांना मनापासून वाटतं. त्यांनी हे झाड पावसाळ्यात पाहावं. सरी पडून गेल्या की त्यावर पांढरी, घमघमणारी फुलं येतात. छाटणीनं पानं लहान झाली आहेत, फुलं मात्र पूर्ण आकाराची. त्यामुळे प्रमाण थोडं बिघडतं, पण झाड सुखात आहे याची ती पावतीच. उपाशी झाड असं फुलत नाही. त्याला रोज ऊन लागतं, कुंडीला निचऱ्याची भोकं लागतात आणि चाळून घेतलेला विटांचा चुरा, जाड वाळू व कुजलेलं खत यांची भुसभुशीत माती लागते. नर्सरीची चिकट तांबडी माती उथळ कुंडीत पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. मुळं छाटून कुंडी बदलायला आपल्याकडे पावसाळ्याची सुरुवात चांगली, कारण कामिनी तेव्हा जोमानं वाढते. बैठकीतल्या टेबलावर तिनं पाहुणीसारखं एखादा दिवस यावं, मुक्काम बाहेरच असावा.

झाडाच्या पाठीमागे मोठ्या कापाचा व्रण आहे. त्याच्या कडेनं साल गोल कडं करून आत सरकते आहे, पण मधलं लाकूड अजून उघडं आहे. डावी फांदीही खोडाच्या मानानं बारीक आहे. तिची टोकं काही काळ न कापता वाढू दिली तरच ती जाड होईल. म्हणजे झाड अपुरं आहे, आणि पुढे काय करायचं ते त्याच्याकडे पाहूनच ठरतं. तयार बोन्साय विकत घेतलं तर ही ठरवण्याची गोडी निम्मी संपलेली असते.

म्हणून पहिल्यांदा नर्सरीत जाल तेव्हा सरळ, देखण्या रोपांची रांग ओलांडून मागे जा. वाकडी, कललेली, गिऱ्हाइकांनी नाकारलेली रोपं तिथे असतात. त्यांची माती सारून बुंधा बघा, सर्वांत खालची फांदी कुठे आहे ते बघा आणि ज्याचा तळ रुंद असेल ते घरी आणा. पहिलं वर्ष साध्या कुंडीत त्याला नुसतं जोमानं वाढू द्या. कात्री हातात घेण्याआधी ते सगळ्या बाजूंनी तुमच्या चांगलं ओळखीचं झालेलं असेल, आणि बोन्सायमधलं सर्वांत अवघड काम तेच आहे.